शीळबुवांचा वाढदिवस आणि टिचकीचे पोपट

मुलांनो, नीट बसा आणि मधे बोलू नका. एका जंगलात सगळ्यांचं गाण्यांवर फार प्रेम होतं. इतकं प्रेम, की गाणं ऐकायला कुणालाच वेळ मिळत नसे.

त्या जंगलात घरोघरी एक पोपट असे. पोपटाला जंगलातली झाडून सगळी गाणी पाठ. त्याच्या डोक्यावर टिचकी मारली की तो एक गाणं म्हणे. कोणतं म्हणेल, ते टिचकी मारणाऱ्याला ठाऊक नसे. पोपटालाही नसे.

एखाद्या थोर गायकाचा वाढदिवस आला की जंगलात एकच धांदल उडे. प्रत्येकाने आपल्या पोपटाला टिचकी मारायची. तो गाऊ लागला की गाता गाताच त्याला शेजारच्या झाडावर पाठवायचं. शेजाऱ्याने त्याच्या पुढच्या झाडावर. ज्याचा पोपट सर्वात लांब जाईल, त्याचं गाण्यावरचं प्रेम सर्वात मोठं.

गाणं निवडायला मात्र सक्त मनाई होती. एक गाणं निवडलं तर बाकीच्या गाण्यांचा अपमान होतो, असं उत्सव समितीचं म्हणणं होतं. शिवाय निवडायचं म्हणजे आधी ऐकावं लागतं. एवढं रिकामं कोण असतं?

चैत्रात शीळबुवांचा वाढदिवस येई. शीळबुवा म्हणजे ओढ्याकाठी राहणारा म्हातारा कस्तूर पक्षी. अंगाने निळाकाळा, स्वभावाने अबोल. जंगलातली निम्मी पाखरं त्यांचं ऐकून गायला शिकली होती. कोकीळसुद्धा हे कबूल करायचा, फक्त चारचौघांत नाही.

यंदा बुवांकडे एक नवं गाणं होतं. सगळा हिवाळा त्यांनी ते ओढ्याच्या खळखळाटाशी जुळवत घालवला होता. गाण्याच्या शेवटी एक सूर फार उंच जायचा. बुवांचा गळा आता थकला होता. तो सूर एखाद्या सकाळी लागे, मग कित्येक दिवस लागत नसे. तो आता आणखी एकदाच लागेल, हे त्यांना आतून कळलं होतं. तेवढ्या एकदा कुणीतरी नीट ऐकलं, तर गाणं जंगलात राहणार होतं. नाहीतर बुवांबरोबर जाणार होतं.

'आज सगळे माझीच आठवण काढणार,' बुवांनी पहाटे मनाशी म्हटलं. 'म्हणजे आज ऐकतीलसुद्धा.'

हसू नका, मुलांनो. थोर कलावंत कधीकधी असेच भोळे असतात.

ऊन वर यायच्या आत खारूताई उड्या मारत ओढ्यावर आली. खांद्यावर पोपट.

"बुवा, शतायुषी व्हा! ऐका, तुमचीच अजरामर रचना!"

पोपट मान वेळावून एक अंगाई गाऊ लागला.

"ताई, ही अंगाई दयाळबाईंची आहे," बुवा हळूच म्हणाले.

"असेना का! गोड आहे ना? भावना पोचली ना?" खारूताईने पोपटाला पुढच्या झाडाकडे ढकललंसुद्धा. "सरका जरा. अख्खी वडाची रांग बाकी आहे माझी. त्या वानरमामांनी उजाडायच्या आत चिंचांची राई उरकली. मेले झोपतात तरी कधी, कोण जाणे!"

"ताई, मी एक नवं गाणं..."

"हो हो, फार छान झालंय!" असं ओरडत खारूताई दिसेनाशी झाली.

मग बुवा थेट तरसरावांकडे गेले. तरसराव उत्सव समितीचे अध्यक्ष. मोठ्या आंब्याखाली ते पाहुण्यांसाठी केळ्यांचे घड लावून घेत होते. आजूबाजूच्या प्रत्येक फांदीवर पोपट होते. एक डबक्यातल्या बेडकाचं पावसाळी गाणं म्हणत होता, दुसरा कुणाच्या तरी लग्नातलं. सगळे मिळून शीळबुवांचा सन्मान करत होते.

"तरसराव, हे पोपट जरा वेळ गप्प करता येतील का? मला गायचंय."

तरसराव हसले. तरसं हसतातच, तो होकार समजायचा नसतो.

"बुवा, आज तुमचा वाढदिवस आहे."

"म्हणूनच."

"म्हणूनच तर नको! सगळं जंगल तुमच्या कौतुकात गुंतलंय. ते थांबवून तुम्ही गाणार? लोक म्हणतील, बुवांच्या डोक्यात हवा गेली."

"एकच गाणं आहे. लहानसं."

"पोपटांना पाठ आहे?"

"नाही. नवं आहे ना."

"मग पुढे कसं पाठवायचं ते?" तरसरावांना खरंच काळजी वाटली. "असं करा. माझा पोपट घ्या. त्याच्या कानात गा. एकदा त्याच्यात गेलं की तुम्ही अमर!"

बुवांनी क्षणभर विचार केला. सकाळ सरत होती आणि गळा आज मोकळा होता. त्यांनी डोळे मिटले आणि पोपटाच्या कानाशी गायला सुरुवात केली.

पहिल्या दोन ओळी ओढ्याच्या पाण्यासारख्या आल्या. पुढे आवाज थोडा कापला, पण बुवा थांबले नाहीत. शेवटी तो सूर आला. लख्ख, पूर्ण, जसा हवा होता तसाच. बुवांच्या अंगावर शहारा आला.

नेमके तेव्हाच तरसराव पोपटाच्या डोक्यावरून गरजले, "अरे, केळी उन्हात कुणी ठेवली?"

पोपट फार प्रामाणिक होता. जे कानावर पडलं ते सगळं त्याने पाठ केलं. पहिल्या दोन ओळी बुवांच्या, मग थोडा बेडूक, थोडं लग्न, आणि त्या सुराच्या जागी तरसाच्या आवाजात, "अरे, केळी उन्हात कुणी ठेवली?"

तो गाता गाताच तरसरावांनी त्याला पुढच्या झाडावर पाठवलं आणि दुपारपर्यंत सगळं जंगल वेडं झालं. "बुवा काळाबरोबर बदलले!" असं जो तो म्हणू लागला. वानरमामांनी तर शेवटची ओळ ऐकून डोळे पुसले. "काय उंची गाठलीय!" ते म्हणाले. "साधी केळी, पण केवढं दुःख!"

बुवा तरसरावांना म्हणाले, "तो शेवट माझा नाही. तिथे एक सूर होता."

"असेल हो," तरसराव म्हणाले. "पण लोकांना हाच भाग आवडलाय. तुमचं नाव होतंय, कशाला बोलता?"

तेवढ्यात खारूताई परत आली. तिला बुवा म्हणाले, "ताई, जरा थांबता? मी खरं गाणं म्हणून दाखवतो." आणि नवल म्हणजे खारूताई थांबली. तिचा पोपट लांब गेला होता, त्यामुळे तिला काही काम नव्हतं. ती चक्क कान टवकारून बसली.

बुवांनी चोच उघडली. नुसता वारा आला. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा वारा. पहिला सूरही उमटेना.

"बरं वाटत नाही का?" खारूताई म्हणाली. "आराम करा हं." आणि आपला पोपट परतताना दिसताच ती पळाली.

आता गाणं फक्त तरसरावांच्या पोपटात उरलं होतं. तेही दोनच ओळी.

आयुष्यात कधी पोपटाला हात न लावलेले बुवा फेरी संपवून आलेल्या त्या पोपटाजवळ गेले. त्यांनी चोचीने हळूच टिचकी मारली. पोपटाने अंगाई म्हटली. त्यांनी पुन्हा मारली. बेडूक आला. पुन्हा. लग्न आलं, मग दुसरंच लग्न, मग कोकिळाचं काहीतरी.

वानरमामांनी हे पाहिलं आणि आनंदाने झाडावरून खाली उडी मारली.

"बघा रे, बघा! इतकी वर्षं नाक मुरडत होते. शेवटी बुवांनाही गोडी लागली!"

खाली सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्यांमुळे पोपट काय म्हणतोय ते बुवांना ऐकू येईना. त्यांनी टाळ्या संपायची वाट पाहिली आणि आणखी एक टिचकी मारली.

तात्पर्य: थोर गायकांचे वाढदिवस धूमधडाक्यात साजरे करावेत. थोर गायकांनी मात्र त्या दिवशी तोंड उघडू नये, त्यांच्याच सन्मानात व्यत्यय येतो.