सावंतकाकांचा हिमालय

लोक भेटले की एकमेकांना 'काय, बरं ना?' असं विचारतात. आमच्या मुलुंडच्या सोसायटीतले सावंतकाका आभाळाकडे बोट करून विचारायचे, "वर किती असेल?" नव्याने राहायला आलेल्या एका गृहस्थांनी तिसऱ्या मजल्याकडे बघत "पाच माणसं आहेत" असं उत्तर दिलं, तेव्हा आपण वरच्या हवेच्या तापमानाचं विचारतोय हे समजवायला काकांनी त्यांना जिन्यातच पाऊण तास उभं केलं. पुढे ते गृहस्थ काकांचं दार बंद असल्याची खात्री करूनच खाली उतरायचे.

त्या पाऊण तासात काय असायचं ते मला तोंडपाठ आहे. हिवाळ्यात उत्तर ध्रुवावर, विमानं उडतात त्याच्याही पुष्कळ वर, बर्फाहून गार हवा गरगर फिरत असते. इकडे खाली वारा हिमालयावर आपटतो. त्याच्या लाटा उठतात, त्या वर चढत जातात, तिथे फुटतात आणि त्या गरगरणाऱ्या हवेची चालच मोडतात. मग तिथली हवा खाली दबते आणि दोन-चार दिवसांत चाळीसेक अंशांनी तापते. एवढं सांगून झालं की काका मालवणीवर यायचे. "डोंगर हलणा नाय, पण वरच्याक हलयता." काकांचं गाव कुडाळपासून आत, अगदी सह्याद्रीच्या पायथ्याला, त्यामुळे डोंगराची बाजू घेणं हा त्यांच्या लेखी घराण्याचा प्रश्न होता.

हवामान खात्यात त्यांनी उभा जन्म फुगे सोडण्यात घालवला. ते फुगे वर जाऊन तिथली उष्णता कळवत. त्यांच्या जोडीला वैती नावाचे गृहस्थ होते, मूळचे गोराईचे कोळी. दोघं मिळून फुगा सोडत, दोघं एकाच डब्यात जेवत. एके दुपारी जेवताना वैती म्हणाले, लाटा उठतात त्या डोंगरामुळे कमी आणि समुद्रामुळे जास्त. पाणी उबदार आणि जमीन गार, हा फरकच वाऱ्याला हेलकावे देतो. काकांनी समुद्राला डबकं म्हटलं. वैतींनी हिमालयाला रस्त्यातला धोंडा म्हटलं. त्या दिवसापासून डबे वेगळे झाले आणि निवृत्त होईपर्यंत दोघं एकमेकांशी फक्त फुग्यापुरतं बोलले.

काकांनी लग्न केलं नव्हतं. गावचा गणपती भावाकडे, म्हणून त्यांनी मुलुंडात दीड दिवसाचा आणायला सुरुवात केली. गणपती हे निमित्त. खरं सांगायचं तर ती सगळी आरास एकट्या वैतींसाठी असायची. दर श्रावणात बोरिवलीला वैतींच्या घरी पोस्टकार्ड जायचं, "ये. डोंगर दाखवतो." तिकडून उत्तर यायचं, "समुद्र सोडून येत नाही." हे उत्तर काका मला वाचून दाखवायचे, वैतींना यथेच्छ शिव्या घालायचे आणि दिवसभर खुशीत असायचे. वैतींनी एकदा यावं, एवढंच त्यांचं मागणं होतं, आणि ते त्यांनी कधी तोंडाने कबूल केलं नाही.

शहाऐंशीच्या गणपतीत तर कहर झाला. काकांनी जाळी आणि प्लास्टरचा कमरेएवढा हिमालय केला, शेजारी टेबलफॅन लावला आणि पायथ्याशी उदबत्त्यांचा जुडगा पेटवला. धूर डोंगरावरून उसळून, ध्रुवावरची हवा म्हणून वर टांगलेल्या बेगडी चक्राला हेलकावे देणार, असा बेत होता. पण हिमालय म्हटल्यावर बायका थोड्याच ऐकतात? माझ्या आईने शिखरावर बेल वाहिला. जोशीवहिनींनी हळदकुंकू लावलं. काका दर पाच मिनिटांनी शिखर पुसत सांगत होते, "वहिनी, हा कैलास नाही, हा वाऱ्याचा अडथळा आहे." त्यावर आईने त्यांना सुनावलं की विघ्नहर्त्यासमोर बसून असं बोलू नये.

वैतींसाठी मोदकांचं एक ताट नेहमीप्रमाणे झाकून ठेवलेलं होतं. त्या वर्षी बोरिवलीहून उत्तर आलं नव्हतं, तरी ताट होतंच. त्यांची वाट बघण्यात आरती दोनदा खोळंबली. दुसऱ्या दिवशी विसर्जन. मला राहवेना. म्हटलं, म्हाताऱ्यांचा हा पोरकटपणा आता पुरे, आपणच उचलून आणू वैतींना. मुलुंड आणि बोरिवलीच्या मध्ये डोंगर आहे, त्यामुळे पाठीला पाठ लावून असलेल्या या गावात जायला मला सकाळी पार दादरला वळसा घालावा लागला.

दार वैतींच्या सुनेने उघडलं. मी कोण, कशाला आलो, ते सांगितलं. ती म्हणाली,

"बाबा तर फाल्गुनातच गेले. तुमचे काका खाडीवर आलते ना दहाव्याला. कडेला उभे होते. जेवायला थांबा म्हटलं तर थांबले नाय."

परत येताना मला काकांचा राग आला होता आणि रडूही येत होतं. त्यांच्या घरी पोचलो तेव्हा काका एकटेच हिमालयासमोर बसले होते. माणसं आरतीला बोलवायची वाट बघून आपापल्या घरी गेली होती.

"काका, मी बोरिवलीला जाऊन आलो."

त्यांनी पंखा बंद केला. मग म्हणाले, "होता तेव्हाही येत नव्हता. ताट तेव्हाही तसंच राहायचं. त्याचं काही नाही रे. पण आता मला, सावंत, तू चुकतोयस, असं म्हणणारं कुणी उरलं नाही."

मी बँकेतला कारकून. वाऱ्यातलं मला ओ की ठो कळत नाही. पण त्या माणसाला तसाच सोडून जिना चढणं मला जमलं नाही. मी त्यांच्यासमोर मांडी घातली आणि म्हटलं, "काका, तुमचा हिमालय उन्हाळ्यातपण तिथेच असतो ना? मग उन्हाळ्यात वर का नाही तापत? तुमचं चुकतंय. समुद्राचंच असणार काहीतरी."

काकांनी मान वर केली. डोळे पुसायचे सोडून ते माझ्यावर खेकसले.

"मेल्या, तुका काय कळता? वारो उन्हाळ्यात वर उलटो फिरता. लाट चढतली खयसून?"

"ते मला पटत नाही," मी म्हटलं.

काकांनी झाकलेलं ताट ओढलं, त्यातला एक मोदक माझ्या हातावर ठेवला आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.