मेन पाडला होता

तीन रात्री नूतनला झोप नव्हती, आणि कारण होतं एक भोक.

देवपुरातल्या त्यांच्या घरात पलंगाच्या उशाशी भिंतीवर एक दिवा होता. आधीच्या मालकाने हौसेने बसवलेला, पितळी दांडीचा, काचेच्या फुलाचा. चार वर्षांची तपती पलंगावर उभी राहून त्याचा बल्ब पिळायला लागली, तेव्हा काच फुटून पोरीच्या डोळ्यात जाईल या भीतीने नूतनने बल्ब काढून कपाटात ठेवला. केवढं शहाणपण! संध्याकाळी तिच्या लक्षात आलं, की बल्ब होता तोवर होल्डरचं तोंड बंद होतं. आता ते उघडं होतं आणि तपतीचं बोट त्यात आरामात जाणार होतं. (तिने पट्टीने मोजलं. बोटही आणि होल्डरही. फिजिक्समध्ये एम.एस्सी. केलेल्या बाईने दुसरं काय करावं?) तिने वर चिकटपट्टी लावली. तपतीने ती सोलून बाहुलीला लावली.

शेवटी दिवाच काढायचं ठरलं. निंबा वायरमन लग्नाच्या मांडवांत अडकलेला. "ताई, उद्या येतो," असं त्याने तीनदा सांगितलं, तेव्हा रविवारी सकाळी तिच्या नवऱ्याने, प्रेमरावांनी, स्वतःच पक्कड हातात घेतली. (पाळण्यातलं नाव प्रेमराज, कॉलेजात हेडक्लार्क झाल्यापासून सगळे 'प्रेमराव' म्हणत, आणि ते त्यांना आवडत असे.)

"अहो, टेस्टर लावून बघा ना आधी."

"अगं, मेन पाडला मी. टेस्टर काय ओवाळू?"

खालीच चटईवर मेथी निवडत बसलेल्या सासूबाई मंजुळाबाईंनी पोराच्या हुशारीवर लगेच अहिराणीत शिक्का मारला. "मन्हा पोऱ्याले बठ्ठं येस."

दिवा निघाला. भिंतीतून एक लाल आणि एक काळी वायर बाहेर आली. टोकं जळून काळी पडलेली.

"आता ही टोकं सोलायची, एकमेकांना पिळायची, वरून टेप," प्रेमराव म्हणाले. "वायर कधी मोकळी सोडू नये."

"पण दोन्ही जोडल्या तर शॉर्ट नाही का होणार?"

"शॉर्ट कसा होईल? वरून टेप असते ना!"

हे ते इतक्या खात्रीने म्हणाले, की नूतनला आपल्या डिग्रीचीच शंका यायला लागली. दोन वर्षं प्रयोगशाळेत काढली, पण घरातला स्विचबोर्ड आपण कधी उघडलाय का? नाही. मग कशाला बोलावं?

ती गप्प बसली. इथेच तिचं चुकलं.

कारण या घराण्यात वायर सोलायचं हत्यार एकच, दात. तिच्या सासऱ्यांनी शिरपूरकडच्या शेतात विहिरीवरच्या मोटारीच्या वायरी जन्मभर दातांनी सोलल्या, आणि ते गेले ते साखरेने, हा प्रेमरावांचा कायमचा पुरावा. त्यांनी स्टुलावर नीट पाय रोवले, लाल वायर पुढे ओढली, ओठांवरून जीभ फिरवली आणि तोंड उघडलं.

"प्रेमराज," मंजुळाबाईंनी मान वर करून विचारलं, "बठ्ठं बंद शे, तं मंग हाऊ पंखा कसा फिरी ऱ्हायना?"

पंखा खरंच फिरत होता. इन्व्हर्टर घेतल्यापासून या घरात लाइट गेलेली कुणाला कळतच नसे, आणि आज ती मुद्दाम घालवली होती तरी कळली नव्हती. मेन पडल्याबरोबर इन्व्हर्टरने इमानदारीने पंखा उचलला होता, आणि पंख्याबरोबर या खोलीतले सगळे दिवे.

नूतनने नवऱ्याचा शर्ट मागून धरला आणि जीव खाऊन ओढला. प्रेमराव स्टुलासकट पलंगावर आडवे झाले. तिने टेस्टर उचलला आणि लाल वायरीच्या टोकाला लावला. आतला इवलासा दिवा लालभडक पेटला. बल्ब काढल्या दिवसापासून बटण चालूच होतं. ते बंद करायचं तिलाच सुचलं नव्हतं.

वायर ओठांपासून चार बोटं लांब होती. ही मोजायला तिला पट्टी लागली नाही. दारापुढे जमलेली गल्ली, कॉलेजचे शिपाई, तपतीला कडेवर घेऊन उभी असलेली कुणीतरी बाई, न घडलेलं ते सगळं तिला एकदम दिसलं. मंजुळाबाईंच्या हातातली काडी निवडायची राहून गेली होती.

मग नूतन कामाला लागली. टेस्टर इन्व्हर्टरवर चालू असलेल्या सॉकेटात लावून तो पेटतो का ते पाहिलं. बटण बंद केलं. इन्व्हर्टर बंद केला. पंखा थांबेपर्यंत त्याच्याकडे बघत राहिली. दोन्ही वायरींना परत टेस्टर लावला, एकदा नाही, चारदा. प्रत्येक टोक वेगवेगळं टेपने गुंडाळलं, दोन्ही भिंतीतल्या डबीत सारली आणि वर कोरी पांढरी प्लेट स्क्रूने आवळली. प्रेमराव खालून स्टूल धरून उभे होते. आयुष्यात पहिल्यांदा, एकही सूचना न देता.

ती खाली उतरली तेव्हा छाती फुगलेली होती. दारात बाहुली घेऊन उभ्या असलेल्या तपतीला तिने जवळ ओढलं.

"बघ राणी, गेलं ते भोक. आता काही भीती नाही."

तपतीने प्लेट पाहिली, मग आईचं तोंड पाहिलं, आणि मग अडलेल्या माणसाला मदत करावी तशी सगळ्या खोलीभर नजर फिरवली.

"आई, मग आता तू कशाला घाबरशील? खिडकीला घाबर."