आजचं झुकतं माप

मिरजगावच्या स्टँडसमोर, सोसायटीच्या भिंतीला, एक काळा फळा टांगलेला असायचा. त्यावर गावच्या बातम्या लिहिल्या जायच्या. पण बातम्यांच्या आधी, उजव्या कोपऱ्यात, चौकट आखून रोज एक ओळ असायची. ‘आजचं झुकतं माप : खालच्या आळीकडे.’ दुसऱ्या दिवशी ‘आजचं झुकतं माप : सरपंचांच्या विरोधात.’ एकदा तर ‘आजचं झुकतं माप : माझ्या मेव्हण्याकडे, इलाज नाही.’

हा फळा दशरथ पेंटरचा. आपण आज कुणाची बाजू घेणार हे आधी सांगायचं आणि मग मन लावून ती बाजू घ्यायची, असा त्याचा खाक्या होता. माझं औषधाचं दुकान बरोबर फळ्यासमोर. त्यामुळे त्या सगळ्या वर्षांत रोज सकाळी देवाआधी मला दशरथ पेंटरचं दर्शन व्हायचं. एका हातात ओलं फडकं, दुसऱ्या हातात खडू आणि कानामागे विडी. कालचा फळा पुसून झाला की दोन पावलं मागे सरायचा, मान तिरकी करायचा आणि मोकळ्या फळ्याकडे असा बघायचा की जणू पोरीला बघायला पाहुणे येणार आहेत.

त्याच्या बाजूची बातमी रंगीत खडूत, मोठ्या अक्षरात, वर. विरोधकांची पांढऱ्या खडूत, बारीक, अगदी खाली. ती वाचायला वाकावं लागायचं. वाकून वाकून कंबर धरलेली म्हातारी माणसं माझ्याकडे बाम घ्यायला यायची, म्हणून मी तक्रार केली नाही.

पोटाचा धंदा म्हणजे पाट्या रंगवणं. दुकानांच्या पाट्या, टेम्पोचे नंबर आणि निवडणूक आली की भिंती. भिंती तो सगळ्या पक्षांच्या रंगवायचा. एकदा ज्या पक्षाच्या नावाने तो बोटं मोडायचा, त्याच पक्षाची घोषणा त्याने गोडाऊनच्या भिंतीवर अशी काही काढली की बसमधली माणसं खिडकीतून माना काढून बघत. त्याच दिवशी फळ्यावर लिहिलं, ‘समोरच्या भिंतीवरचं अक्षर बघा, मजकूर वाचू नका.’

“अरे, ज्याचे पैसे घेतलेस त्याचीच अब्रू काढतोस?” मी विचारलं.

“भिंत पोटासाटी, फळा मनासाटी,” तो म्हणाला. “आन् लपवून काय केलंय? झुकतं माप हाय, पन सांगून हाय.”

हे त्याचं ठरलेलं वाक्य. मलाही एकदा त्याचा प्रसाद मिळाला. शेजारच्या हॉटेलवाल्याशी सांडपाण्यावरून माझं वाजलं, तेव्हा कोपऱ्यात लिहिलं होतं, ‘आजचं झुकतं माप : हॉटेलवाल्याकडे (चहा फुकट मिळतो).’ मी दिवसभर त्याच्याशी बोललो नाही. मग संध्याकाळी गिऱ्हाईक नव्हतं म्हणून वाकून खालची बारीक ओळ वाचली. माझी बाजू तिथे पुरती लिहिली होती, एक शब्द न गाळता. माझ्या बायकोलासुद्धा ती इतकी नीट समजली नव्हती.

आमच्या भागात एक साप्ताहिकही निघायचं. त्याच्या नावाखाली ‘निर्भीड आणि निःपक्ष’ असं छापलेलं असे आणि त्याखाली दर अंकात पक्षाचे तालुकाध्यक्ष बापूसाहेब यांचा हसरा फोटो. संपादक अधूनमधून माझ्याकडे पित्ताच्या गोळ्या घ्यायला येत. एकदा तिथेच त्यांची आणि दशरथची गाठ पडली.

“पेंटर, तुमचं लिखाण फार पक्षपाती असतं बुवा,” संपादक म्हणाले.

“व्हय, असतंय की. वर तसं लिवल्यालं बी असतंय,” दशरथ म्हणाला. “तुमी कुटं लिवता?”

संपादकांनी त्या दिवशी गोळ्यांची दोन पाकिटं नेली.

तर त्या वर्षी पंचायत समितीची निवडणूक लागली आणि आमच्या गणाची, म्हणजे मतदारसंघाची, जागा बायकांसाठी राखीव झाली. बायकांना जागा राखून ठेवायचं तेव्हा नवंनवंच होतं. बापूसाहेबांच्या पक्षाची उमेदवारी कुणाला, एवढाच प्रश्न होता, कारण आमच्याकडे ज्याला या पक्षाची उमेदवारी तो निवडून आल्यातच जमा.

उमेदवारी मागितली बौद्ध वस्तीतल्या सुमनबाईंनी. ऊसतोडीला जाणारी माणसं दिवाळीनंतर बिऱ्हाड उचलून कारखान्यांकडे निघत, तेव्हा त्यांची पोरं शाळा सोडून फडात जायची. सुमनबाईंनी यातली पोरं स्वतःच्या दोन खोल्यांत ठेवून घ्यायला सुरुवात केली. आधी चार होती, मग ओसरी भरली, मग मंडप घालावा लागला. वस्तीतल्या आणि गावातल्या बाया पाळीपाळीने भाकरी पुरवायच्या. या पोरांसाठी पंचायत समितीकडून एक धड इमारत मिळवायची, म्हणून सुमनबाईंना तिथे जायचं होतं. दुसरं काही नाही.

बापूसाहेबांच्या मनात त्यांची सूनबाई होती. ती नगरला राहायची आणि गावाकडे जत्रेला यायची.

दुसऱ्या दिवशी कोपऱ्यात आलं, ‘झुकतं माप : सुमनबाईंकडे. उमेदवारी ठरेपर्यंत बदलणार नाही.’

मग नियम सुरू झाले. बापूसाहेबांनी बैठकीत सांगितलं की उमेदवार पक्षाचा जुना सभासद हवा. दशरथने तो नियम फळ्यावर लिहिला. सुमनबाई जुन्याच सभासद निघाल्या आणि सूनबाई सभासदच नव्हत्या. तेव्हा नवा नियम आला की घरातलं कुणीही सभासद असलं तरी चालेल. दशरथने तोही लिहिला, पहिला न पुसता. मग कळलं की उमेदवार मॅट्रिक हवा. सुमनबाई बारावी झालेल्या होत्या. लगेच मॅट्रिकचं बी.ए. झालं. तेव्हा स्टँडवर कुणीतरी मोठ्यांदा विचारलं, की खुद्द बापूसाहेब कितवी? बापूसाहेबांनी नववीत शाळेला रामराम ठोकला होता. म्हणून संध्याकाळपर्यंत खुलासा आला की शिक्षणाची अट फक्त नव्या माणसांना आहे.

खरी अडचण काय होती ते साऱ्या गावाला ठाऊक होतं. ती नियमात लिहिता येत नव्हती, म्हणून एवढे नियम लागत होते. मला त्या दिवसांत माझ्या गावाची लाज वाटायची, हे सांगून टाकतो.

फळा गच्च भरत चालला. दशरथ एरवी सकाळी पहिल्यांदा फडकं मारणारा, पण आता फडकं खिशातून बाहेर येईना. मी म्हटलं, “अरे, जुने नियम पूस की. बातम्यांना जागा उरली नाही.”

“ज्यानं केला त्यानं पुसावा,” तो म्हणाला. “नियम पुसायचा आधिकार मला न्हाई.”

शेवटचा नियम असा आला, की पक्षाचे निरीक्षक येणार आहेत आणि ते नगरला बंद खोलीत मुलाखती घेतील. हा लिहायला जागाच नव्हती. दशरथने तो फळ्याच्या लाकडी चौकटीवर लिहिला.

आता निरीक्षक येणार होते सोलापूरकडून. सोलापूरकडून नगरला जाणारी गाडी मिरजगावला भजी खायला थांबत नाही, असं मी तरी पाहिलेलं नाही. त्यांचीही जीप थांबली. निरीक्षक उतरले. जाडजूड, घामाघूम झालेला, स्वभावाने बरा माणूस. भज्यांची प्लेट हातात घेऊन फळ्यासमोर आले आणि वाचायला लागले. वरून खाली वाचलं. मग पहिल्यापासून पुन्हा वाचलं. भजं हातातच राहिलं. तोवर भोवती सगळा स्टँड गोळा झाला होता, त्यात भाकऱ्या करणाऱ्या बायाही होत्या. मीही दुकान उघडं टाकून पळालो.

“हे सगळे नियम आमच्या पक्षाचे आहेत?” निरीक्षकांनी विचारलं.

“व्हय सायेब.”

“यातला खरा कुठला?”

“ते तुमी सांगायचं,” दशरथ म्हणाला आणि त्याने खिशातून फडकं आणि नवा कोरा खडू काढून त्यांच्यापुढे धरला.

लोक हसले. निरीक्षकही हसले, पण त्यांच्या लक्षात आलं की आता काहीतरी बोलल्याशिवाय जीप हलणार नाही. ते म्हणाले, “इच्छुकांनी लोकांसमोर बोलावं. गणातल्या सभासदांनी हात वर करून कौल द्यावा. झालं?”

“झालं. पुसा मंग आदीचं.”

आणि निरीक्षकांनी एका हातात भज्यांची प्लेट सांभाळत सगळा फळा पुसला. दशरथने नवा नियम पिवळ्या खडूत लिहिला आणि खाली त्यांची सही घेतली. पक्षाच्या निरीक्षकाने खडूने सही केलेली मी आयुष्यात एकदाच पाहिली.

त्याच दुपारी बाजाराच्या शेडमध्ये सभा भरली. मुलाखतीसाठी नगरला जाऊन थांबलेले बापूसाहेब सूनबाईंना घेऊन धावतपळत आले. निरीक्षकांनी सूनबाईंना बोलायला सांगितलं. ती पोरगी उभी राहिली, सासऱ्यांकडे बघितलं, आणि म्हणाली, “मला या गणातल्या गावांची नावंही सांगता येणार नाहीत. मामंजी म्हणाले म्हणून आले. माझाही हात सुमनताईंसाठीच धरा, चालत असेल तर.” सुमनबाई उठल्या. त्या काही भाषण करणाऱ्या नव्हेत. “आमची पोरं औंदा कुटं निजायची, एवढंच इचारायला मला तितं जायचंय,” म्हणाल्या आणि खाली बसल्या. हात वर गेले. ज्यांचे जाणार नाहीत असं मला वाटलं होतं, त्यांचेही गेले. भाकरीवाल्या बायांनी शिट्ट्या मारल्या. आमच्या गावातल्या बायांना शिट्टी वाजवता येते हे कुणालाच माहीत नव्हतं. हॉटेलवाल्याने सगळ्यांना चहा फुकट पाजला, मलासुद्धा. मी डोळे पुसले आणि धूळ गेली म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी फळ्यावर सगळे रंग होते. ‘सुमनबाईंना उमेदवारी!’ अक्षर असं, की नुसतं बघत राहावं. कोपऱ्यातली चौकट बघायचं माझ्या मनातही नव्हतं. सहज नजर गेली. तिथे लिहिलं होतं, ‘आजचं झुकतं माप : बापूसाहेबांकडे.’

दशरथ फळ्यापाशी नव्हता. बापूसाहेबांच्या रक्तदाबाच्या गोळ्या दर महिन्याला मी पोचवत असे, त्या घेऊन निघालो. एरवी त्या दारात चपलांचा ढीग असायचा, आपली कुठली ते ओळखायची पंचाईत. त्या सकाळी एकच जोड होता, रंगाचे डाग पडलेला. आत बापूसाहेब आणि दशरथ समोरासमोर बसले होते, मधे चहा.

मी गोळ्या ठेवल्या. दशरथ माझ्याबरोबर दारापर्यंत आला. मी हळूच म्हणालो, “हे काय रे?”

“मागं ग्रामपंचायतीच्या उमेदवारीतनं माजं नाव रातीत कापलं हुतं, ठावं हाय ना?” तो म्हणाला. “आदल्या सांजंला घर मावत नव्हतं मानसांनी. सकाळी बी येतील म्हनून बायकूनं चहाचं मोठं पातेलं ठिवलं. कोन बी आलं न्हाई. दुपारपतूर दोगंच पीत बसलो.”

त्या सकाळी मीही त्याच्याकडे गेलो नव्हतो. दुकान होतं समोर.

तो परत आत गेला. मला त्याचा आवाज ऐकू आला, “जातो आता बापूसायेब. उद्यापास्नं फळा पुन्यांदा तुमच्या इरोदात हाय बरं का. आजच्या दिसापुरतं हाय हे.”

बापूसाहेबांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, “लिव तुला काय लिवायचं ते. पन चहाला ये.”

मी चप्पल घालत होतो. ती काढून ठेवली आणि आत गेलो.