दाजी केळुसकरांचा उत्तरेकडचा उजेड

भर मे महिन्यात मालवण बंदराजवळच्या बर्फाच्या कारखान्यात, माकडटोपी घालून लाद्यांच्या मधोमध स्टुलावर बसलेला माणूस दिसला तर घाबरू नका. ते आमचे शेजारी, दाजी केळुसकर. सराव करत असतात.

"हाडांका आधी कळाक होया," दाजी म्हणतात, "खंय जावचा आसा ता."

जायचं होतं नॉर्वेला, आकाशातला तो हिरवा उजेड बघायला. पर्यटकांना होडीतून किल्ल्यावर नेण्या-आणण्यात दाजींचा जन्म गेला. स्वतः गोव्यापलीकडे गेलेले नाहीत. निवृत्त झाल्यावर अचानक हे सुरू झालं. दिसेल त्याला प्रश्न. देवळातल्या गुरवाला म्हणाले, "थंय हिवाळ्यात सूर्य उगवतच नाय. मगे सांजवात कधी लावतत?" गुरव पुढचा आठवडाभर त्यांना बघून रस्ता बदलत होता. मासळीवालीला विचारलं, "थंयच्या पाण्यात बांगडो गावता काय गो?" ती म्हणाली, "आधी हयसरचो घेवा!"

व्हिसाचा अर्ज भरायला ते माझ्याकडे आले. एक प्रश्न होता : त्या देशात कोणी नातेवाईक आहेत का? मी वाचून दाखवला. मी 'नाही'वर खूण करणार, तेवढ्यात दाजी म्हणाले, "थांब रे."

आणि घर नंबर, मजला, रस्ता, गावाचं ते जिभेला पीळ पाडणारं नाव, सगळं एका दमात सांगितलं.

"थंय कोण आसा?"

"सुलू."

सुलू त्यांची एकुलती एक मुलगी. तिकडे शिकायला गेली, तिकडच्याच मुलाशी लग्न ठरवलं. तेव्हा दाजी फोनवर ओरडले होते, "आता ह्या घरात पाय ठेव नको." सहा वर्षं झाली. तिने ठेवला नव्हता.

"तिका म्हायत आसा, तुमी येतास ता?"

"उजेड बघूक येतंय, असा सांगूक जमता. तुका बघूक येतंय, ह्या कसा सांगू?"

मी तिचा फोन नंबर विचारला. तोही पाठ होता. फोन लावून त्यांच्या हातात दिला.

"मी बोलतंय," दाजी म्हणाले, आणि न थांबता उजेडाची चौकशी सुरू केली. कुठल्या महिन्यात दिसतो, ढग असले तर काय, किती वेळ टिकतो.

मग पलीकडून बारीक आवाज आला, "बाबानू, कधी येतलास?"

दाजींनी फोनवर हात ठेवला. माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "काय सांगू रे?"