आठ पिशव्या काँक्रीट

"काँक्रीट किती लागेल ते मी सांगतो!" असं मी जाहीर केलं आणि घरात सगळे वळून माझ्याकडे बघायला लागले. कारण मी आयुष्यात कधी काही जाहीर केलेलं नाही. सांगलीच्या एका कॉलेजात मी ग्रंथपाल होतो. तिथे "शांतता राखा" हेसुद्धा मी स्वतः कधी म्हणालो नाही. ते काम पाटी करायची!

"आठ पिशव्या," मी म्हणालो. "एका खांबाला चार, दुसऱ्याला चार. एकही कमी नाही, एकही जास्त नाही!"

"बाबा, नक्की?" माझ्या मुलाने, हरीशने विचारलं. तो इथे आयर्लंडमध्ये, गॉलवेत, हृदयात बसवायच्या नळ्या बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर आहे. केसाच्या जाडीचं मोजमाप करणाऱ्या माणसाने "नक्की?" विचारलं की माझ्यासारख्याला आपलं नावही नक्की वाटेनासं होतं. पण या वेळी मी मान हलवली.

खांब माझ्या बायकोच्या, वसुधाच्या, कपडे वाळवायच्या दोरीचे होते ना!

आम्ही दोघं २०१६च्या उन्हाळ्यात पहिल्यांदा इथे आलो. वसुधाची सुती इरकल सुनेने, रुचाने, ड्रायरमध्ये टाकली. बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा तापातून उठलेल्या माणसासारखा झाला होता. साडीचाही आणि वसुधाचाही! "अरे, मागे दोन खांब रोवून दोरी बांध की! इतका वारा नुसता फुकट चाललाय!" ती हरीशला म्हणाली. "पुढच्या उन्हाळ्यात नक्की, आई," तो म्हणाला.

पुढचा उन्हाळा वेळेवर आला. वसुधा आली नाही.

मी एकटा आलो. "पुन्हा येणारच आहे, ने-आण कशाला?" म्हणून तिने दोन इरकली इथेच कपाटात ठेवल्या होत्या. कपाट उघडलं तर दमट हवेने घड्यांवर बुरशी धरलेली. "बाबा, धुते आणि ड्रायरमध्ये..." रुचा म्हणाली. "नाही!" मी ओरडलो. मी! ती हॉस्पिटलात काम करते, रोज काय काय बघत असेल, पण तीसुद्धा दचकली.

रविवारी वसुधाचं वर्षश्राद्ध होतं. त्या दिवशी तिच्या साड्या तिच्या दोरीवर, तिच्या वाऱ्यात वाळल्या पाहिजेत. मला एवढंच हवं होतं.

म्हणून मी लायब्ररीतून कुंपण कसं घालायचं याचं पुस्तक आणलं. हरीशने खणलेल्या खड्ड्यांची खोली छत्रीच्या काठीने मोजली. व्यास, त्रिज्या, पाय म्हणजे तो ३.१४! खांब स्वतः जेवढी जागा खातो तेवढी वजा करायलाही विसरलो नाही. मला शंका येणारच होती, म्हणून पुन्हा मोजलं. मग शंका कमी का येते अशी शंका आली, म्हणून पुन्हा! दर वेळी उत्तर एकच. आठ.

शनिवारी व्हॅन आली. सोळा पिशव्या उतरल्या!

"रुचा, मी आठ म्हणालो होतो गं."

"हो बाबा. म्हणून तर सोळा सांगितल्या," ती चाचरत म्हणाली. "आईंनी मला पहिल्याच आठवड्यात शिकवलंय. बाबा संकोचाने नेहमी कमी सांगतात. अर्धी पोळी म्हणाले की दोन वाढायच्या."

आम्ही कामाला लागलो. खड्ड्यात पाणी ओतलं, मी खांब सरळ धरला, रुचाने तयार कोरड्या काँक्रीटच्या पिशव्या त्यात रिकाम्या केल्या. एक, दोन, तीन, चार. काँक्रीट अगदी काठाला येऊन थांबलं! थेंबभर कमी नाही, थेंबभर जास्त नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी काहीतरी बरोबर सांगितलं होतं, आणि ते बघायला जी हवी होती ती सोडून सगळं जागेवर होतं.

तेवढ्यात हरीशची गाडी आली. गाडीचं पोट रस्त्याला टेकलं होतं.

"बाबा!" तो विजयी मुद्रेने उतरला. "तुम्ही आठ म्हणालात ना? म्हटलं, म्हणजे निदान सोळा! घेऊनच आलो!"

"नको!" मी दोन्ही हात वर केले.

दोन्ही हात खांबाला होते, हे वर केल्यावर लक्षात आलं.

"मी ऑलरेडी मागवल्या होत्या, हरीश! विचारायचं तरी!" रुचा म्हणाली.

"तू तरी कुठे सांगितलंस? आईने मलाही तेच शिकवलंय!"

"अरे, मी आठ म्हणालो होतो. आठ!"

"बाबा, तुम्ही आता बोलू नका!" दोघं एकदम म्हणाले.

कुंपणापलीकडून शेजारच्या म्हाताऱ्या नोराबाई ओरडल्या, "युवर मॅन इज लीनिंग!" इथे कुणालाही 'युवर मॅन' म्हणतात, खांबालासुद्धा. पण हरीश आणि रुचा दोघांनी आधी माझ्याकडे पाहिलं! मग खांबाकडे. तो, कमी ऐकू येणारा माणूस पुढे वाकतो तसा, दुसऱ्या खड्ड्याकडे वाकला होता. ते काँक्रीट चहा गाळायच्या आत घट्ट होतं. आम्ही तिघांनी जोर लावला. खांब हलला नाही. माझी पाठ मात्र हलली.

दुसरा खांब सरळ बसला. उरलेल्या चोवीस पिशव्या कुठे ठेवायच्या यावर चर्चा होईपर्यंत पाऊस आला, आणि त्या जागच्या जागी दगड झाल्या. आता मागच्या अंगणात लग्नघरासारखे लोड पडलेत. बसायला माणसं तेवढी नाहीत.

रविवारी मात्र ऊन पडलं. दोन्ही इरकली दोरीवर घातल्या. वाकड्या खांबाच्या बाजूला पदर जरा खाली आला, गवताला टेकतोय न टेकतोय असा. वाऱ्याने तो सारखा उचलला जायचा. नोराबाईंनी पाहिलं आणि म्हणाल्या, "ग्रँड ड्रायिंग टुडे!" कपडे वाळवणाऱ्या वाऱ्याचं इथे असं कौतुक करतात. हे वसुधाने ऐकायला हवं होतं. नोराबाईंना तिने तिथल्या तिथे चहाला बोलावलं असतं. मी नुसता हसलो आणि आत आलो.

श्राद्धाचं जेवण होतं. अर्धी म्हणजे कधी दोन आणि अर्धी म्हणजे कधी अर्धीच, हे वसुधाला माझ्या आवाजावरून कळायचं. सुनेला आणि मुलाला तिने त्यातली निम्मीच विद्या दिली. उरलेली द्यायची राहून गेली.

"बाबा, पोळी?" रुचाने विचारलं.

"अर्धी," मी म्हणालो.

तिने दोन वाढल्या.

मला खरंच अर्धीच हवी होती हो! पण दोन्ही खाल्ल्या.