पाचवे पान

विभागप्रमुखांना शेवटी माळ्याच्या शिडीवरून, एक बूट पायात आणि दुसरा काखेत अशा अवस्थेत, खिडकीतून खाली उतरावे लागले. मात्र असे काही घडलेच नाही, असे विभागाने लेखी कळवलेले असल्यामुळे आपणही तसेच धरून चालू आणि बाकीचे काय झाले तेवढे पाहू.

कॉलेजच्या अध्यापन-संशोधन विभागात एक संशोधक होती. वय एकोणतीस, नोकरी तात्पुरती, आणि तात्पुरतेपणाची शेवटची तारीख या महिन्याची तीस. मोठी माणसे कशी शिकतात, हा तिचा विषय. लहान मुलांना समजले नाही तर ती निदान रडतात. मोठी माणसे मान हलवतात, सही करतात आणि घरी जातात. यावर उपाय म्हणून तिने वर्षभर खपून एक फिल्म केली होती. तिच्यात डोळे असलेली एक हसरी दोरी स्वतःला गाठ कशी मारावी हे गाणे म्हणत सांगे. ही फिल्म पाहणारा माणूस नुसते कागद वाचणाऱ्यापेक्षा पंधरा गुणांनी जास्त शिकतो, एवढे सिद्ध झाले की समिती तिची नोकरी पुढे चालू ठेवणार होती. नाही झाले, तर तीस तारीख कुठे जात नव्हती.

त्यासाठी गाठींचा गंध नसलेली बावीस माणसे हवी होती. अकरा फिल्मवाले, अकरा कागदवाले. एकवीस जमता जमता तिच्या ओळखीपाळखी संपल्या आणि बाविसावा म्हणून तिने आपल्या सख्ख्या मामाला कागदवाल्यांत घातले. मामाने चाळीस वर्षे कोर्टात कारकुनी केली होती. गठ्ठ्यातले एक पान कमी असले तर त्याला घास गिळत नसे.

कागदवाल्यांचे कागद रटाळ असणे प्रयोगाच्या दृष्टीने आवश्यक होते. चौदा पाने, चित्र एकही नाही. रटाळ लिहायला तिला चार दिवस लागले. विभागप्रमुखांनी वाचून "अजून थोडं कंटाळवाणं होऊ शकतं" असा शेरा मारला आणि स्वतः दोन परिच्छेद घालून दिले. ते इतके साधले होते की तपासताना तिला दोनदा डुलकी लागली.

मग झेरॉक्स मशीनने पाचवे पान खाल्ले. अकराच्या अकरा प्रतींत चारनंतर एकदम सहा. तिला हे कळले तेव्हा कागद वाटून झाले होते. ती धावत विभागप्रमुखांकडे गेली, तर त्यांना आनंदच झाला. इतके वाईट आपल्याला ठरवूनही सुचले नसते, असे ते म्हणाले.

संध्याकाळी मामाचा फोन आला.

"अगं, पाचवं पान कुठंय?"

"मामा, मला सांगता येत नाही. प्रयोगाचा नियम आहे."

"चौथ्यावर म्हणतेस टोक हातात घ्या. सहाव्यावर म्हणतेस तयार झालेली गाठ ओढून पाहा. मध्ये काय, देव येऊन मारून जातो?"

"खरंच नाही सांगता येत रे."

"बरं, राहू दे. आम्ही बघतो."

प्रयोगाच्या आराखड्यात 'आम्ही' नावाचे कोणीच नव्हते. अकरा सुटी माणसे होती.

दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये दोन टेबले जोडलेली दिसली. भोवती मामा, विभागाचा शिपाई, खुद्द कँटीनच्या काकू आणि उरलेले आठ कागदवाले. पाचव्या पानावर काय असावे, यावर प्रत्येकाचे स्वतंत्र मत होते. काकू म्हणत टोक खालून वर यायला पाहिजे. शिपाई म्हणे दोनदा वरून. मामा दोघांचीही साक्ष नोंदवून घेत होता. गाठ मारायची, ओढायची, सुटली की का सुटली यावर भांडायचे, शेजाऱ्याला समजावून सांगायचे, आणि पुन्हा मारायची. मोठी माणसे अशीच शिकतात, हे तिने आपल्या प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणात चाळीस पाने लिहून मांडले होते. ते आता डोळ्यांसमोर घडत होते, तेही नको त्या गटात.

आता यांना थांबवायचे कसे? तुम्ही न शिकण्यासाठी निवडलेली माणसे आहात, असे सांगणे नियमात बसत नव्हते. तिने सूचना लावली, की सहभागींनी गोलाकार बसू नये. ते रांगेत बसले. तिने तपासणीच्या नावाखाली दोऱ्या परत मागवल्या. त्यांनी बुटांच्या लेस काढल्या. शेवटी ती स्वतःच टेबलाशी जाऊन उभी राहिली आणि थोडी विश्रांती घ्या, मेंदूला ताण बरा नव्हे, असे काहीबाही बोलू लागली. काकूंनी मान वर केली.

"मॅडम, एक विचारू? आम्हाला शिकायला बोलावलंय ना?"

"हो, शिकायलाच."

"मग जरा बाजूला व्हा. उजेड अडतोय."

गुरुवारपर्यंत त्यांनी एक गाठ तयार केली. ती कुठल्याच पुस्तकात नव्हती, कारण पुस्तकातली पाचव्या पानावर राहिली होती. तिचे नाव पडले 'पाच नंबर'. ओढावी तितकी ती आवळत जाई आणि मारणाऱ्याखेरीज कोणाला सुटत नसे. कँटीनची बादली, सायकली, माळ्याचा पाइप, सगळे पाच नंबरने बांधून पडले. गोलाकार बसू नये ही सूचनाही आता फलकाला पाच नंबरनेच लटकत होती. इकडे फिल्मवाले रोज हसत बाहेर पडत होते. समजले का, विचारले की "अगदी" म्हणत आणि गाणे गुणगुणत घरी जात. दोरीला मात्र त्यांच्यापैकी एकानेही हात लावला नव्हता.

परीक्षेच्या सकाळी वारा सुटला होता. विभागप्रमुखांच्या केबिनची कडी महिन्यापूर्वीच निखळली होती, त्यामुळे दार आपटत होते. परीक्षेत व्यत्यय नको म्हणून त्यांनी आतूनच शिपायाला हाक मारून दार नीट बंद करून घ्यायला सांगितले. शिपायाने बाहेरून, मन लावून, पाच नंबर मारला आणि तो परीक्षेला जाऊन बसला. चाळीस मिनिटे कोणीही हॉलबाहेर यायचे नाही, हा नियम संशोधकबाईचाच होता. हॉलला आतून कुलूपही तिनेच लावायला सांगितले होते आणि नियमाप्रमाणे किल्ली आतल्या पर्यवेक्षकाकडे होती.

पाच मिनिटांनी समिती आली, आणि विभागप्रमुख कुठे आहेत म्हणाली.

दारामागून आवाज आला, "मी इथंच आहे. या ना आत."

कोणालाच आत जाता येईना. संशोधकबाईने गाठीला हात घातला. गाठ कशी शिकवावी यावर तिने वर्ष काढले होते. गाठ मारण्याची वेळ तिच्यावर कधी आली नव्हती, मग सोडवण्याचे लांबच. तिने ओढली, गाठ आवळली. तिला दोरीचे गाणे आठवले, ते मनात म्हणून तिने पुन्हा ओढले. आणखी आवळली. मग तिने ऑफिसातून कात्री मागवली, तेव्हा समितीच्या अध्यक्षबाईंनी चष्मा लावून गाठ जवळून पाहिली आणि तिचा हात धरला.

"कापायची नाही. ही उत्तरपत्रिका आहे."

यानंतर शिडीचा प्रसंग आला असता. पण तो घडलेला नाही.

निकाल दुपारी लागला. गाठ कुठलीही चालणार होती, ओढल्यावर टिकली की गुण. फिल्मवाले सरासरी चौतीस. त्यातल्या एका गृहस्थांनी दोरीचा गोळा करून त्याला पेनने डोळे काढून दिले होते. कागदवाले ब्याण्णव. विभागप्रमुख, एका पायात बूट घालून, हे आपल्या दोन परिच्छेदांचे यश असू शकते असे म्हणाले. संशोधकबाई तीस तारखेकडे पाहत बसली.

समितीने तासभर विचार केला. ज्या गटाने शिकायला नको होते तोच शिकल्यामुळे तुलना बाद, असे ठरले. प्रयोग पुन्हा करावा. माणसे तीच बावीस घ्यावीत, मात्र ती पहिल्या दिवसाइतकीच अनभिज्ञ असल्याची खात्री आधी करून घ्यावी. आणि हा पुनर्प्रयोग पूर्ण होईपर्यंत संशोधकबाईंची नेमणूक चालू ठेवावी.

शेवटचे वाक्य तिने तीनदा वाचले. मग कँटीनमध्ये जाऊन मामासमोर बसली.

"मामा, पाच नंबर विसरायला तुला किती दिवस लागतील?"

"विसरायला? अगं, मला पस्तीस वर्षांपूर्वीच्या खटल्यांचे नंबर पाठ आहेत."

"बाकीच्यांचं काय?"

मामाने टेबलाच्या टोकाकडे पाहिले. काकू फिल्मवाल्या दोघांना टोक खालून कसे आणायचे ते दाखवत होत्या आणि तिसरा रांगेत उभा होता.

"का गं, विसरायला पाहिजे का?"

"समितीला पाहिजे," ती म्हणाली. "पण विसरलात की प्रयोग होईल, आणि प्रयोग झाला की माझी नोकरी संपेल."

मामाने खिशातून दोरी काढली आणि तिचे टोक भाचीच्या हातात दिले.

त्या संध्याकाळी सूचना फलकावर पुढील पत्र लागले:

"सर्व बावीस सहभागींना कळवण्यात येते की, प्रयोगकाळात त्यांनी आत्मसात केलेले सर्व ज्ञान त्यांनी येत्या सोमवारी सकाळी दहा वाजेपर्यंत विसरून यावे व विसरल्याचा पुरावा दोन प्रतींत सादर करावा. ज्यांना मुदतीत विसरणे शक्य नाही, त्यांनी तसे कारणासह कळवावे. त्यांना वाजवी मुदतवाढ देण्यात येईल. सहकार्याची विनंती आहे."