आमच्या विहिरीची अब्रू

आधीच सांगून ठेवतो, आमच्या विहिरीच्या पाण्याबद्दल मी कुणाचंही ऐकून घेणार नाही! आजोबांनी खणलेल्या या विहिरीचं आमच्या गास गावात आजही नाव निघतं. त्यामुळे माझ्या हॉलमधल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीसाठी मेव्हण्याने, लेस्लीने, जिवंत प्रवाळाचा एक तुकडा दिला आणि वर "भावोजी, पाणी आर.ओ.चंच घाला" असं बजावलं, तेव्हा माझं डोकंच फिरलं. मशीनमधून गाळलेलं ते बेचव पाणी विरारला त्याच्या सातव्या मजल्यावर ठीक आहे! मी विहिरीच्या पाण्यात समुद्री मीठ कालवलं आणि टाकी भरली.

लेस्लीची एक अट होती. गावच्या सणाला जेवायला आल्यावर प्रवाळ धड दिसलं नाही, तर तो ते परत नेणार होता.

पंधरा दिवसांत दगडांवर हिरवी लव आली. मी ती टूथब्रशने घासली. आठवड्याभरात लवेचे केस झाले. शेवाळ खाणाऱ्या चार गोगलगायी आणल्या, त्या खाऊन खाऊन थकल्या आणि काचेला चिकटून बसल्या. मग मी रोज दोन बादल्या जुनं पाणी काढून ताजं घालू लागलो, अर्थात विहिरीचंच. शेवाळ आणखी फोफावलं! काढलेलं खारं पाणी फुकट का घालवा, म्हणून ते बायकोच्या, मटिल्डाच्या, अळूला घातलं. अळूने चार दिवसांत माना टाकल्या. मटिल्डा दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी जे बोलली, त्यापेक्षा तो अबोला बरा होता.

सणाला लेस्ली आला. शेवाळ बोटांनी बाजूला सारून त्याला प्रवाळ शोधावं लागलं. मग पाहुण्यांसमोरच त्याने नायट्रेट तपासायची बाटली काढली आणि थेट आमच्या विहिरीचं पाणी मागितलं. मी छाती काढून तांब्या भरून आणला. औषधाचे थेंब पडले आणि पाणी लालभडक झालं, म्हणजे नायट्रेट भरपूर.

"भावोजी, विहिरीभोवतीच्या केळींना खत कसलं घालता?"

"सुक्या मासळीचं. तीन पिढ्या तेच घालतोय," मी ताठ मानेने म्हणालो.

"तेच झिरपून विहिरीत उतरतं. दोन महिने तुम्ही टाकीला खत घालत होता."

मटिल्डा वाढता वाढता थांबली. "म्हणजे खत शेवाळाला आणि मीठ माझ्या अळूला," ती म्हणाली. सगळे हसले. प्रवाळ पिशवीत बसून विरारला गेलं.

मी मात्र तिथेच ठणकावलं, ज्या पाण्यावर शेवाळ एवढं जोमाने वाढतं ते पाणी वाईट असूच शकत नाही. आजही माझं तेच म्हणणं आहे! महिन्याभराने लेस्लीला दया आली, त्याने प्रवाळ परत दिलं, आणि आता ते झकास फुललंय. गावात कुणी विचारलं तर मी विहिरीकडे बोट दाखवतो. फक्त दर शनिवारी आर.ओ.चा कॅन गोणपाटात गुंडाळून स्कूटरवरून आधी विहिरीवर नेतो, केळींच्या आड बादलीत ओततो आणि मग ती बादली सगळ्यांच्या देखत घरी आणतो.